पांढऱ्याला पांढरं

गुरुबसप्पाला लेकी दोन, पण सोलापुरातल्या निम्म्या बाळीवेशीला एकच ठाऊक. ती म्हणजे धाकटी रत्ना. थोरली दाक्षायणी शाळेत होती तेव्हा तिच्या कोपरावर रुपयाएवढा पांढरा डाग उठला आणि तेव्हापासून घरात तिचं नाव दबक्या आवाजात घ्यायची पद्धत पडली. अव्वानं, म्हणजे तिच्या आईनं, शरणम्मानं, करायचं काही ठेवलं नाही. बावचीचं तेल चोळून उन्हात बसवलं, सिद्धेश्वराला नवस बोलली, कुणीतरी सांगितलं म्हणून वर्षभर पोरीला अळणी खायला घातलं. सोलापूरचं ऊन ते! पोरगी करपून निघाली, डाग मात्र जागचा हलला नाही. हलला नाही म्हणजे, पसरला. मानेवर गेला, ओठाच्या कोपऱ्यात गेला, पुढं बोटांची टोकंही पांढरी झाली.

"लग्न तर व्हायचं न्हाय, शिकू दे तिला," असं अप्पा म्हणाले, आणि गल्ली म्हणाली, काय थोर बाप! अहो, थोर कसला? पोरगी दिवसभर घराबाहेर राहील, आल्यागेल्याच्या नजरेला पडणार नाही, एवढाच त्यातला डाव. पण डाव असो नाहीतर काही असो, दाक्षायणी शिकली. एम.एस्सी. झाली आणि शहरातल्याच एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागली. तिथं पोरं तिच्या हातची काचपट्टी रुमालात धरून घ्यायची. शिक्षकांच्या खोलीत तिचा कप वेगळ्या खिळ्याला टांगलेला असायचा. माणसाला सवय होते म्हणतात. सवय कसली डोंबलाची होते? माणूस फक्त बोलायचं सोडून देतं. ही भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची आणि गप्प राहायची.

आता ते यीस्टचं सांगितलं पाहिजे, कारण सगळा घात त्यानंच केला. म्हणजे यीस्टनं नाही, माणसांनीच केला, पण निमित्त त्याचं झालं.

पाव फुगवायचं यीस्ट मळकट पांढरं असतं. केसकर सरांनी, कॉलेजातल्या मोठ्या सरांनी, बाहेरून एक वेगळं यीस्ट मागवलं होतं. ते तांबडं. काचेच्या बशीत खाद्य ओतून त्यावर तारेनं रेघ ओढली की तीन-चार दिवसांत पिकल्या टोमॅटोच्या रंगाचे ठिपके उठायचे. गाजरात जो रंग असतो त्याच घराण्यातला तो रंग. सरांनी काम नेमून दिलं ते असं: हा रंग यीस्टमध्ये कसा तयार होतो आणि तो पिढी दर पिढी कसा जातो, ते शोधायचं. दाक्षायणीनं त्या बशा जांभळ्या दिव्याखाली धरल्या. त्या उजेडात बहुतेक यीस्ट मरायचं, थोडं तगायचं, आणि तगलेल्या हजारो तांबड्या ठिपक्यांत एखादा निघायचा पांढराशुभ्र.

पहिला पांढरा ठिपका दिसला तेव्हा तिनं बशी उचलून खिडकीच्या उजेडात धरली. लाल आईच्या पोटी पांढरं लेकरू! तिनं ते तारेनं अलगद उचललं आणि वेगळ्या नळीत वाढवलं. पांढऱ्याची पोरं पांढरीच निघाली, नातवंडंही पांढरीच. त्या नळ्या ती अशा जपायची की अव्वानं तिला कधी तसं जपलं नव्हतं. अशी बरीच पांढरी तिनं गोळा केली आणि मग तिला एकच प्रश्न छळायला लागला: ही सगळी पांढरी एकाच कारणानं पांढरी आहेत, की प्रत्येकाचं दुखणं निराळं?

ह्या कामाला लागायचे निवांत दिवस, आणि ते तिला कुणी दिले असतील तर रत्नाला बघायला येणाऱ्या पाहुण्यांनी. पाहुणे यायचे रविवारी. थोरली बिनलग्नाची घरात असताना धाकटीला कोण मागणार? त्यात थोरलीला कोड! म्हणून पाहुणे यायचे म्हटलं की अव्वा सकाळीच कडक भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधून द्यायची आणि म्हणायची, "जा गं, आज कॉलेजातच ऱ्हा." आणि अप्पा पाहुण्यांपुढं हात जोडून सांगायचे, "आमाला ही एवढीच एक." रत्नाला नकारावर नकार येत गेले, कारण गल्लीत कुणी ना कुणी पचकायचंच, आणि दाक्षायणीचा प्रयोग पुढं पुढं सरकत गेला.

ह्या यीस्टमध्ये नर-मादीसारखे दोन प्रकार असतात, त्यामुळं जोड्या लावता येतात. तिनं पांढऱ्याशी पांढऱ्याची जोडी लावली. काही जोड्यांतून पांढरंच निघालं. आणि एका रविवारी बशी उघडते तर आत तांबडा ठिपका! दोन पांढऱ्यांच्या पोटी लाल! दाक्षायणी रिकाम्या प्रयोगशाळेत एकटीच मोठ्यानं हसली. केसकर सर म्हणाले, "परत करा." तिनं परत केलं. परत लाल. पुन्हा केलं. पुन्हा लाल. सर म्हणाले, "आता लिहायला घ्या, बाई. पीएच.डी.ला नाव नोंदवू तुमचं." एवढ्या वर्षांत कुणी तिला काही देऊ केलं असेल तर ते हे.

त्याच हिवाळ्यात, शहात्तर सालात, रत्नाला अक्कलकोटचं स्थळ आलं. नागव्वा म्हणून एक विधवा बाई, नवऱ्यामागं शेंगदाण्याची तेलगिरणी एकटीनं चालवणारी. तिचा लेक शिवशरण. पोरगा देखणा, घर भरलेलं. बघणं झालं, पसंती झाली, राहिली ती फक्त बोलणी. रत्ना आदल्या दिवशी अक्काला म्हणाली, "अक्का, ह्या खेपेला तुझी सावलीसुदिक दिसू देऊ नगंस. पाया पडते." दाक्षायणीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. रत्नाला तिनं कडेवर वागवलं होतं, वेण्या घातल्या होत्या, तिच्यावर तिचा जीव होता. ती म्हणाली, "न्हाय दिसणार."

आणि इथं ह्या शहाण्या घरानं काय करावं? त्या रविवारी कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. सगळ्या गावाला दार उघडं. लेकीला लपवायला पाठवली ती भर जत्रेत! पण वर्षानुवर्षं पाहुणे म्हटले की कॉलेज, हे ठरलेलं. अव्वानं भाकरी बांधली, अप्पांनी "लवकर जा" म्हटलं, आणि दुसरा विचार कुणाच्या डोक्यातच आला नाही.

तिकडं अक्कलकोटचे पुरुष बोलणीला बाळीवेशीत येऊन बसले आणि नागव्वा आलीच नाही. "अंगात कसकस हाय," असा निरोप. कसली कसकस! बोलणी पुरुषांनी करायची आणि खरी चौकशी बायकांनी, हा तिच्या घरचा रिवाज. बाळीवेशीतल्या कासारणीकडं बांगड्या भरता भरता तिनं काढून घेतलं होतं की ह्यांना थोरली एक लेक आहे, अंगावर कोड आहे आणि ती कॉलेजात असते. बाई उठली ती तडक कॉलेजात.

दाक्षायणीच्या टेबलापुढं इरकलीतली एक म्हातारी येऊन उभी राहिली. बाकी लोक बशांकडं बघायचे, मग बाईंच्या बोटांकडं बघायचे आणि पुढं सटकायचे. ही थांबली.

"बाई, हे लाल आन् हे पांढरं, दोन येगळे जंतू हायत व्हय?"

"न्हाय मावशी, एकच. लाल आईचंच हे पांढरं पोर."

"आई तर चांगली लाल दिसतीया की."

"दिसते. रंग करायला आत चार-पाच कारागीर लागतात. असं बघा, एक दळतो, एक मळतो, एक थापतो, एक भाजतो, तेव्हा भाकरी होते. ह्यातला एक जरी मेला तरी सगळं घर उपाशी. ह्या पांढऱ्यातला एक कारागीर मेलाय."

नागव्वानं खुर्ची ओढून घेतली. आणि काय सांगावं, दाक्षायणी खुलली! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या तोंडाकडं बघत होतं आणि बोटांकडं बघत नव्हतं. म्हातारी प्रश्न विचारायची तोही नेमका, कॉलेजातल्या पोरांनी वर्षभरात एकही विचारला नव्हता असा.

"मग पांढऱ्याला पांढरं दिलं तर?"

"हाच माझा प्रयोग मावशी! एका घरात मळणारा मेला, दुसऱ्या घरात भाजणारा मेला. दोन्ही घरं एक झाली की ह्याचा मळणारा, त्याचा भाजणारा, भाकरी होते. हे बघा, दोन पांढऱ्यांचं हे लाल."

"आन् दोनी घरांत मळणाराच मेला असला तर?"

"मग पांढरंच!" दाक्षायणीला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली. "म्हणून जोडी निराळ्या घरची लागते."

"हे पक्कं हाय?"

"एकदा निघालं म्हणून भागत नाही. परत परत करून बघावं लागतं. मी बघितलंय."

नागव्वा उठली. आता पहिल्यांदाच तिनं दाक्षायणीच्या बोटांवरून, मानेवरून, ओठावरून सावकाश नजर फिरवली. "लई हुशार हायस पोरी," म्हणाली आणि गेली. दाक्षायणी संध्याकाळी गुणगुणत घरी आली.

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटहून माणूस आला. नकार नव्हता, नकार परवडला असता. नागव्वाचा निरोप असा: तुम्ही थोरली लपवलीत, मीही थोरला लपवला. माझ्या सिद्धारामला तोंडभर कोड आहे. तो बसलेला असताना शिवशरणचं करून मला लोकांची बोलणी खायची नाहीत. दोन्ही पोरी द्या, नाहीतर एकही नको. आणि पुढची काळजी करू नका, पांढऱ्याला पांढरं दिलं की लाल निघतं, तुमच्या लेकीनंच मला दाखवलंय.

घरात आधी रडारड झाली आणि मग, बघा, आनंद झाला! अव्वा तर सिद्धेश्वराला हात जोडायला लागली, एका मांडवात दोन्ही पोरी उजवणार म्हणून. एकटी दाक्षायणी ओरडत होती. "अप्पा, ते यीस्ट आहे! माणसाचं कोड कशानं येतं हे डॉक्टरांनासुद्धा धड ठाऊक नाही!"

"मग त्या बाईला कशाला सांगितलंस?" अप्पा म्हणाले. "तिला पक्कं म्हनलीस आन् बापाला ठाऊक न्हाय म्हंतीस?"

"आणि माझं काम? माझ्या नळ्या दर दोन महिन्यांनी नव्या खाद्यावर घ्याव्या लागतात, न्हायतर मरतात. मी अक्कलकोटात बसून..."

तेव्हा रत्ना बोलली. रडली नाही, आवाज चढवला नाही. "अक्का, तुझं यीस्ट मेलं तर दुसरं मिळंल. मला दुसरा नवरा मिळायचा न्हाय. आन् तो का मिळत न्हाय ते तुला म्हाईत हाय." जिला कडेवर वागवलं तिनं नेमका घाव घातला. दाक्षायणी त्या रात्री जेवली नाही.

सिद्धारामला तिनं लग्नाआधी एकदाच बघितलं, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी, पाच हातांवर अव्वा उभी असताना. त्याचं अर्धं तोंड पांढरं, भुवया पांढऱ्या. तो पाण्याकडं तोंड करून उभा होता. मग म्हणाला, "आमच्याकडं पावणं आलं की मला पेंडीच्या गोदामात बसवत्यात."

"मला कॉलेजात," दाक्षायणी म्हणाली, आणि दोघं हसली.

"लेकराला हुईल का हे?"

"माहीत नाही. खरंच माहीत नाही."

"माहीत न्हाय असं पहिल्यांदाच कुणी म्हनलं. सगळी म्हंत्यात, हुनारच." तो पुन्हा हसला. त्या हसण्यावर फसली बिचारी. रत्नासाठी हो म्हणते आहे असं तिनं स्वतःला सांगितलं, पण ह्या माणसाबरोबर निदान बाह्या दुमडून बसता येईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

एका मांडवात दोन लग्नं लागली. नळ्या तिनं केसकर सरांच्या हवाली केल्या, प्रत्येकीवर नाव चिकटवून, कुणाला कधी खाद्य द्यायचं ते पुन्हा पुन्हा सांगून. सर "हो हो" म्हणाले. वैशाखात फ्रिज बंद पडला, बघायला कुणी गेलं नाही आणि त्या तापात सगळी पांढरी आणि त्यांची लाल पोरं नळ्यांतच मेली. आषाढात ती सोलापूरला आली तेव्हा तिला कळलं. सर म्हणाले, "आता तुमचं लग्न झालं ना बाई? मग यीस्ट हवंय कशाला?" ती घरी न जाता स्टँडवरच बसून राहिली आणि मिळेल त्या गाडीनं परत अक्कलकोटला गेली.

पुढच्या वर्षी तिला मुलगी झाली. सावळी, चकचकीत, अंगावर तिळाएवढाही डाग नाही. नागव्वानं सुईणीच्या हातातून लेकरू घेतलं, उजेडात धरलं, उलटं केलं, बगला बघितल्या, बोटांच्या फटी बघितल्या. मग गिरणीपासून वेशीपर्यंत साखर वाटली. "निघालं की न्हाय लाल? सून शिकलेली हाय माझी!" ज्या बायका सिद्धारामला बघून पदर सावरून बाजूला व्हायच्या त्या लेकराला बघायला रांगेनं आल्या, आणि दाक्षायणी कोपऱ्यातल्या बाजेवर बसून पहिल्यांदाच सासरी मान वर करून बघत होती. सुख होतं ते. खरंच सुख होतं.

बाराव्या दिवशी, पाळणा झाल्यावर, नागव्वा तिच्या बाजेपाशी येऊन बसली. मांडीवर लेकरू.

"आता पक्कं झालं की अजून काय ऱ्हायलं?"

एक शब्द बोलायचा होता हो! 'झालं' म्हटलं असतं तर संपलं होतं. पण नेमका प्रश्न विचारला की खरं उत्तर द्यायची खोड होती मेलीला, आणि हीच एक बाई तिला नेमके प्रश्न विचारायची.

"जन्मताच कळत नाही, आत्ती. हे घेऊन कुणी जन्मत नाही. माझं शाळेत असताना आलं."

नागव्वानं बोटांवर मोजलं. "म्हंजी अजून पंधरा वर्सं राखाय पायजे."

"राखून काय होणार? यायचं तर येतं."

"तुझं लागून यील की तिला. अंगावर पाजतीस, कुशीत घेतीस."

"नाही आत्ती! हे लागत नाही. शिवून, पाजून, कशानंच लागत नाही."

"मग कशानं येतं?"

"ते नीट कुणालाच माहीत नाही."

"कशानं येतं ते म्हाईत न्हाय, आन् कशानं येत न्हाय ते म्हाईत हाय?" नागव्वा म्हणाली. "तूच इचार कर."

दाक्षायणीजवळ ह्याला उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं, आणि तोवर म्हातारी उठली होती. तिनं रत्नाला हाक मारली. रत्ना आली, आणि नागव्वानं लेकरू तिच्या हातात दिलं. "आजपासून तुझ्या खोलीत. शेळीचं दूध लावून दे. हिच्याकडं द्यायचं न्हाय."

दाक्षायणी बाजेवरून उठली ती दारापर्यंत गेली. तिथं सिद्धाराम उभा होता, सगळं ऐकून. "सांगा ना तुमी," ती म्हणाली. तो आईकडं बघत राहिला, मग खाली बघून गिरणीकडं निघून गेला. ती रत्नाकडं वळली. तिनं हात पुढं केले, ते हात, पांढऱ्या टोकांचे. रत्ना एक पाऊल मागं सरली आणि लेकराच्या तोंडावर पदर ओढून म्हणाली, "अक्का, लांबूनच बघ गं. तिच्या भल्याचंच हाय."

लेकरू रडायला लागलं, आणि ते रडं ऐकून दाक्षायणीचं पोलकं दुधानं ओलं झालं. तिला स्वतःची चीड आली, रत्नाची आली, त्या मेल्या नळ्यांची आली. रत्नाच्या खोलीचं दार लागलं. रडं आतून येत राहिलं.

नागव्वा जायच्या आधी थांबली. आवाज चढवलेला नव्हता तिचा, उलट मायेचाच होता, आणि हेच त्यातलं वाईट.

"रडू नगंस. अंग भरून घे, खा-पी. उन्हाळ्यानंतर पुन्हा बघू. एकदा निघालं म्हणून भागत न्हाय, परत परत करून बघावं लागतं. तुझंच बोलणं हाय की न्हाय हे?"

दाक्षायणीनं मान डोलावली. बोलणं तिचंच होतं.